हसुराम पंचांची न वाजलेली शिट्टी

ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचे नाव: हसुराम पाटील, कबड्डीचे पंच, राहणार खाडीकाठी, तालुका पनवेल. घटनेचा काळ: एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे, भातकापणी उरकल्यानंतरचे सामन्यांचे दिवस. साक्षीदार: तालुका कचेरीसमोरचे चहावाले इस्माईलभाई, आणि त्याच कचेरीच्या आवारात चिंचेखाली टेबल मांडून अर्ज लिहिणारा मी स्वतः. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. तथापि भाषेच्या कारणाने माझा अर्ज कधी परत आलेला नाही, हे येथे नमूद करतो.

हसुराम पंचांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, दम लक्षात राहत असे. बाजाराच्या दिवशी ते माझ्याशेजारच्या बाकावर बसत आणि कचेरीचा जिना चढणाऱ्यांच्या दमाचा निकाल देत. गळ्यात शिट्टी कायम. एकदा मी एका आजारी इसमाच्या अर्जात ‘दम, धाप इत्यादी लागते’ असे लिहिले. त्यांनी माझा हातच धरला.

“इत्यादी नको, रायटर. सगले येगले हाईत.”

मग समजावले. दम लागतो तो काम करणाऱ्याला. धाप लागते ती शरीर पोसलेल्याला, आणि ती शेजाऱ्यालाही ऐकू येते. दम चोरणे म्हणजे ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना मध्येच हळूच श्वास ओढणे, हा गुन्हा. दम सुटतो तो चढाई संपवून आपल्या अंगणात परतल्यावर, आपखुशीने. दम तुटतो तो मात्र परक्या अंगणात, आणि तिथे पंचाने शिट्टी वाजवलीच पाहिजे. मी विचारले, ऊर भरून येतो तो कशात धरायचा? ते म्हणाले, “तो घरचा मामला. त्याला शिटी नाय.”

या ज्ञानाचा उपद्रवही होई. एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकाच्या मध्यावर दम चोरला. पंचांची शिट्टी सवयीने वाजली. मांडवाला वाटले मुहूर्त झाला. अक्षता पडल्या, बँड सुरू झाला, आणि भटजी उरलेली अष्टके घेऊन तसेच उभे राहिले. इस्माईलभाई पुढे कैक दिवस पंचांना चहा देताना म्हणत, “पंचसाब, फूँककर पियो, मगर सीटी मत फूँको.”

त्यांच्या पत्नी हिराबाई यांना दम्याचा विकार होता. मी एकदा सातबाऱ्याच्या कामी त्यांच्या ओटीवर गेलो, तेव्हा बाईंना उबळ आली होती. पंच त्यांच्यासमोर मांडी घालून बसले होते आणि दोघे संथ लयीत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत होते. हळूहळू बाईंचा श्वास त्या लयीवर आला. मला पाहून त्या लाजल्या. म्हणाल्या, “भावजी, म्हातारा रोज माझी चढाई घेतो. पन अजून बाद नाय दिला मना.”

त्या पावसाळ्यात हिराबाई गेल्या.

त्यानंतरच्या हंगामात अंतिम सामना पंचांच्याच गावाच्या शेतात झाला. मी हजर होतो. शेवटची चढाई गावच्या गड्याची. परतताना, मध्यरेषा हातभर असताना, त्याचा दम तुटला. साऱ्या मैदानाने ऐकले. पंचांच्या ओठांत शिट्टी होती. ती वाजली नाही. गड्याने रेषा शिवली, गाव जिंकले, आणि समोरच्या गावाने ‘पंच विकला’ म्हणून दगड उचलले. सामने भरवणाऱ्या मंडळाने त्यांचे नाव पंचांतून कमी केले.

बाजाराच्या दिवशी ते आले. शिट्टी गळ्यात नव्हती. म्हणाले, मंडळाला माफीचा अर्ज लिहा. मी कारण विचारले. कारणाशिवाय अर्ज लंगडा असतो. त्यांनी जिन्याकडे पाहिले. जिना चढणारे चढत होते, निकाल कोणाचाच लागला नाही.

“दम तुटलाच होता, रायटर. मी आयकला. पन मी शिटी फुकली का चढाईवाला थांबतो. यंदा मना कोनाला थांबवाया नव्हता.”

मी म्हणालो, हेच लिहितो. त्यांनी पुन्हा माझा हात धरला. “नको. घरचा मामला हाय.”

अर्ज कारणाविना गेला. उत्तर आले नाही.

ते शेत आता सिडकोकडे गेले आहे, तिथे रस्ता आखला आहे. पंच अजून बाजाराला येतात, बाकावर बसतात, कोणाच्याही दमाविषयी बोलत नाहीत. अर्जात लिहू नका म्हणाले होते, म्हणून हे अर्जाबाहेर लिहिले.

तरी त्या मंडळाचे जे कोणी सभासद हयात असतील त्यांना नम्र विनंती की, सदर इसम विकला गेला नव्हता हे मान्य करावे, आणि एखाद्या लहानशा सामन्याला का होईना, त्यांना बोलावणे धाडावे. ते स्वतः काही मागत नाहीत; सबब अर्जदार मी. उत्तर चिंचेखालच्या टेबलावर द्यावे. बाजाराच्या दिवशी दिल्यास ते शेजारीच बसलेले असतील.