गोधडीखालची जमीन

संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे संघर्षच्या आत्याची खोली हादरायलाच हवी होती, आणि ती हादरत नव्हती.

गेले तीन आठवडे तो हेच दुखणं घेऊन बसला होता. डिलाईल रोडच्या चाळीमागून आणखी एक रेल्वेमार्ग जाणार होता. गाड्यांमुळे तिथली जमीन किती थरथरेल हे आधी संगणकावर मांडून दाखवायचं, हे त्याच्या कंपनीचं काम. थरथर मर्यादेबाहेर निघाली तर रुळांखाली रबराच्या गाद्या बसणार. नाही निघाली तर चाळीने जन्मभर भांड्यांचा खणखणाट ऐकायचा. पडताळ्यासाठी, आताच्या गाड्यांनी किती हादरतं ते बघायला, त्याने तळमजल्यावर जाईबाई आत्याच्या खोलीत कंपनं मोजायचं यंत्र ठेवलं होतं. रीडिंग रोज मोबाइलवर येत. संगणक म्हणे, भांडी पडतील. यंत्र म्हणे, कुठे काय?

"यंत्र खोटं बोलत नाही," त्याच्या वरच्या रमाकांत सरांनी तिसऱ्यांदा रिपोर्ट परत करताना सांगितलं. "तुझी जमीन चुकतेय. मऊ कर."

संघर्षने जमीन मऊ केली. मग आणखी मऊ केली. शेवटी डिलाईल रोडखाली सगळा शिराच पसरलाय असं धरलं, तेव्हा कुठे दोन्ही आलेख जुळले. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण नुसती झोप येत होती. शनिवारी दुपारी तो यंत्र उचलायला आणि आत्याला वाईट बातमी द्यायला गेला.

"रबर नाही मिळणार, आत्या. तुझ्या खोलीत हादरेच नाहीत."

"नाहीत?" जाईबाईंनी त्याच्यापुढे फरशीवर चहा ठेवला. "मग काय माझं बीपी हलतंय?"

मागून मेल धडधडत गेली. मांडणीवरची ताटं वाजली आणि अर्धा चहा बशीत आला. संघर्षने आधी बशीकडे, मग खोलीभर पाहिलं.

"आत्या, यंत्र कुठाय?"

"आहे की तिथंच, कोपऱ्यात."

कोपऱ्यात होतंच. चार घड्या घातलेल्या गोधडीवर, वरून स्वच्छ टॉवेल पांघरून.

"अरे, तू ठेवून गेलास आणि पहिल्याच गाडीला केवढं थडथडलं ते बिचारं! म्हटलं, ऑफिसची नाजूक वस्तू. मोडली तर तुझ्यावर यायचं."

ते पहिलं रीडिंग संघर्षने चुकीचं समजून खोडून टाकलं होतं. रागवायलाही अंगात बळ लागतं, ते त्याच्याकडे उरलं नव्हतं. तीन आठवडे खपून त्याने डिलाईल रोडची जमीन नव्हे, आत्याच्या सहा जुन्या लुगड्यांची गोधडी संगणकावर मांडली होती. वाईट याचं वाटलं, की अगदी हुबेहूब मांडली होती.

यंत्र फरशीवर ठेवलं आणि पुढच्याच गाडीला संघर्षचा संगणकावरचा अगदी पहिला, सरांनी नाकारलेला आलेख जसाच्या तसा उमटला. त्याने सरांना फोन लावला.

"तीन आठवडे शांत, आणि आज एकदम हादरे?" सर म्हणाले. "तेही तुझ्या सख्ख्या आत्याकडे? कोण विश्वास ठेवेल? सोमवारी रिपोर्ट गेलाच पाहिजे. मी उद्या स्वतः येऊन बसतो, हादरतं का बघतो."

रविवारी सर आले, घामाघूम आणि वैतागलेले. संघर्ष तोंड उघडतो तोवर जाईबाईंनी पाहुण्यांसाठी गोधडी अंथरली होती आणि सर तिच्यावर टेकलेही होते.

"सर, खाली बसा ना."

"बसलोच आहे की."

"तसं नाही, फरशीवर..."

"काय रे हे बोलणं!" जाईबाई डाफरल्या. "पाहुण्याला कोणी फरशीवर बसवतं का? साहेब, अजून एक घालू?"

"घाला. गुडघे दुखतात."

दोन गाड्या गेल्या. सरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"काही नाही रे. माझा रविवार उगाच घालवलास."

त्यांनी बॅगेतून शेऱ्याचा कागद काढला, समोर फरशीवर ठेवला, 'कंपने नगण्य' असं लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. संघर्षने डोळे मिटून घेतले. आता आयुष्यभर आत्याच्या घरी अर्धाच चहा मिळणार होता.

तेवढ्यात मेल आली. दोन गोधड्यांवर बसलेल्या सरांचा हात निवांत होता. खालचा कागद मात्र थडथडत होता. गाडी गेली तेव्हा सहीच्या जागी वरखाली धावणारी एक दातेरी रेघ उमटली होती.

संघर्षने आपला पहिला आलेख काढून शेजारी ठेवला. सरांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद पुन्हा पाहिले आणि 'नगण्य' खोडलं.

"रबर लिहितो," ते थकून म्हणाले.

"लिहा, साहेब," जाईबाई म्हणाल्या, "पण कागद गोधडीवर घ्या. अक्षर नीट येईल."

या वेळी संघर्षने तिला अडवलं नाही.