मेजर हरतो म्हणजे काय!

"मेजर हरला!" क्रांतीने जिन्यातूनच ओरडून सांगितले, तेव्हा विजयमालाबाई देवापुढे निरांजन लावत होत्या. निरांजन तसेच राहिले. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, तरी त्यांना कळले नाही.

"मेजर गोठ्यात उभा आहे," त्या नातीला म्हणाल्या. "आत्ताच माझ्या हातून त्याने गूळ खाल्ला. उभ्या उभ्या कसा हरला?"

"गोठ्यातला नाही, आईसाहेब. फोनमधला."

दुसऱ्या कुणी हे ऐकून हायसे वाटून घेतले असते. विजयमालाबाई मात्र होत्या तिथेच खाली बसल्या. गोठ्यातला बैल एखाद्या दिवशी हरू शकतो. पाय मुरगळतो, जोडीदार कच खातो, आणि ती गोष्ट फार तर चार गावांना कळते. फोनमधला बैल जिथे जिथे फोन आहे तिथे तिथे हरतो.

रहिमतपुरात घरचे, दारचे आणि बाजारपेठेतलेही त्यांना आईसाहेब म्हणत. यजमान फौजेत सुभेदार होते. ते गेल्यावर ऊस, घर आणि गोठा या तिन्ही आघाड्या त्यांनी एकटीने राखल्या. मेजर हा खिलार बैल, तो खोंड असताना, त्यांनी आटपाडीच्या आप्पासोंच्या दावणीतून स्वतः निवडून आणला होता. पुढे शर्यतीच्या मैदानात मेजरने अंगावर घेतला तेवढा गुलाल निवडून आलेल्या पुढाऱ्यालाही मिळत नाही. त्यामुळेच कराडच्या जयराजने मित्राला हाताशी धरून बैलगाडा शर्यतीचा फोनवरचा खेळ तयार करायला घेतला, तेव्हा तो प्रथम मेजरचे फोटो काढायला आला. आईसाहेबांनी परवानगी दिली, चहा दिला आणि एकच अट घातली.

"मेजर हरता कामा नये."

"नाही हरणार, आईसाहेब," जयराज म्हणाला होता.

खेळ निघाला. मेजर जिंकत राहिला. एरवी मोबाइलच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आईसाहेबांनी प्रथमच त्या यंत्राबद्दल बरा शब्द काढला. 'खेळ आवडला तर तारे द्या,' अशी विनंती जयराजने खेळातच केली होती. तीही त्यांनी मनावर घेतली आणि साऱ्या गावाला तारे द्यायला लावले. जे चालढकल करत होते त्यांच्या हातातला फोन घेऊन त्यांनी स्वतः बोट टेकवले.

आणि आता हे.

"रात्री अपडेट आलं," क्रांती सांगत होती. "खेळ आपोआप बदलला. मेजरचा वेग कमी केलाय. निम्म्यात दमतो, आणि मग जीभ बाहेर काढून उभाच राहतो."

"मेजर जीभ काढतो?"

त्यांनी हे अशा आवाजात विचारले की परसात मेजरला खरारा करणारा गडी बाळासो हात थांबवून दारात आला.

इतक्यात फोन वाजला. आटपाडीहून आप्पासो.

"आवं आईसाहेब, मेजरला चारा घालताय का न्हाई?"

"काय बोलता आप्पासो!"

"आमच्या नातीनं आत्ता फोनात दावलं. मेजर शेवटनं पयला! लंगडी म्हस बी फुडं गेली असती."

"तो खेळ आहे."

"खेळ असंल. पर दिसतंय तर मेजरच की! माज्या गाईचं नाव चाललंय." आप्पासोंचा आवाज जड झाला. "धाकट्याचा शबूद दिलाय म्या तुमास्नी. पर कोरेगावची पार्टी दारात बसलीया. म्या आज येतूय, मेजरला डोळ्यानं बगतो. खाणंपिणं तुटलं असंल तर धाकटं तुमच्या दावणीला न्हाई बांदायचं. राग मानू नका."

धाकटा म्हणजे मेजरच्या पाठचा भाऊ. तीच गाय, तेच कपाळ, तशीच मागे वळलेली शिंगे. आईसाहेबांनी त्याच्यासाठी गोठ्यात नवी गव्हाण बांधून घेतली होती. पाहुण्यांना त्या आधी दिवाणखाना नव्हे, ती रिकामी गव्हाण दाखवत. ती आता कायमची रिकामी राहणार, आणि तीही एका फोनमुळे!

त्यांनी जयराजला फोन लावला. "जयराज, मेजरने जीभ काढली आहे. ये." आणि ठेवला.

तो येईपर्यंत क्रांतीने आजीची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. तिचे शिक्षण कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चालले होते, त्यामुळे समजूत घालता घालता ती जास्तच समजावून बसली.

"आईसाहेब, हे सगळीकडेच चालतं. खेळ विकल्यावरसुद्धा कंपन्या त्यात बदल करतात."

"गिऱ्हाइकाच्या घरात शिरून?"

"शिरावं लागत नाही. तिथूनच होतं. काही जण तर खेळ विकतात आणि चार वर्षांनी बंदच करून टाकतात. आपण पैसे दिलेले असतात, पण खेळ उघडत नाही."

"म्हणजे मी कुणाला जाते विकले आणि मनात येईल तेव्हा त्याचा खुंटा काढून आणला, तर चालेल?"

"त्यावरूनच भांडणं चाललीत. लोकांनी परदेशात सह्या गोळा केल्या."

"योग्य केले."

"काही खेळांत बंद पेट्या विकतात. आत काय आहे ते पैसे दिल्यावर कळतं."

"जत्रेत असला धंदा मांडणाऱ्याला फौजदार उचलून नेत असे." आईसाहेबांनी कपाळाला हात लावला. "आणखी?"

"घोडा घेतला तर त्याचा साज वेगळा विकत घ्यायचा. आणि चित्रं काढायला आता माणूस ठेवत नाहीत, यंत्राला सांगतात. एकात तर माणसाच्या हाताला सहा बोटं आली होती."

"सहा बोटे! आणि ती कुणी मोजली नाहीत?" आईसाहेब उठून उभ्या राहिल्या. "अगं, यात न समजण्यासारखे काय आहे? द्यायचे ते पुरते द्यावे, आणि दिल्यावर हात लावू नये. लेकीच्या सासरी जाऊन तिला दिलेली भांडी कुणी बदलून आणते का? उद्या हे लोक बैल विकतील आणि शिंगे सवडीने पाठवतील!"

जयराज मोटारसायकलवरून आला तो घामाने डबडबून. हेल्मेट काढावे की असू द्यावे हे त्याला ठरवता येईना.

"काढ ते," आईसाहेब म्हणाल्या. "शब्द दिला होतास."

"दिला होता, आणि पाळलाही, आईसाहेब. त्यानंच बुडालो."

"म्हणजे?"

"लोकांना मेजर आवडला नाही. आम्हाला धडाधड एकेक तारा दिला. पाचपैकी एक! असं झालं की आमचा खेळ खाली जातो, नव्या माणसाला दिसतच नाही. मित्र म्हणाला, मेजर सारखा जिंकतो म्हणून लोक चिडले असतील. मग जरा... आवरला त्याला."

"पाचपैकी एक." आईसाहेबांचा आवाज कळेल न कळेलसा खाली आला. "म्हणजे पहिला ना?"

"छे! सगळ्यात वाईट. पाच म्हणजे उत्तम."

गोठ्यात मेजरने शेपटीने माशी मारली तेवढाच आवाज झाला.

बचत गटाच्या बैठकीत आईसाहेबांनी केलेले भाषण बाळासोला अजून पाठ होते. त्या दिवशी क्रांती परीक्षेसाठी कराडला होती, आणि आईसाहेबांना दुरुस्त करील असे बैठकीत दुसरे कुणी नव्हते. 'पाच कशाला?' त्या गरजल्या होत्या. 'मैदानात पाचव्या गाडीला उत्तेजनार्थ ढाल देतात. आमच्या मेजरला पाचवा म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? एक द्या, एक!' आणि साऱ्या बायकांनी, त्यांच्या नवऱ्यांनी आणि सुनांनी इमानेइतबारे एक दिला होता.

"नावं बघितली तर बरीचशी इथलीच वाटतात," जयराज पुढे बोलतच होता. "आणि लिहिलंय काय? 'मेजरसारखा बैल पुन्हा होणे नाही,' एक तारा. 'धन्य ती गाय,' एक तारा. आम्ही म्हटलं, आपल्याकडची माणसं आहेत, टोमणाच मारतायत."

क्रांतीने आजीकडे पाहिले. बाळासो घसा खाकरून पुढे झाला. "पर आईसाहेब, त्या दिशी तुमीच तर..."

"बाळासो, मेजरला पाणी दाखव."

"आत्ताच पाजलं की."

"पुन्हा पाज."

बाळासो गेला, आणि त्याच वेळी दारात जीप थांबली. आप्पासो कुणाशीही न बोलता थेट गोठ्यात गेले. त्यांनी मेजरचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले, आणि बुचकळ्यात पडून ओसरीवर आले.

"जित्ता मेजर झ्याक हाय. मग फोनातल्याला काय धाड भरली?" त्यांची नजर जयराजवर गेली. "ह्योच का त्यो खेळवाला? आरं गड्या, तुज्यासाटी आमी काय न्हाई केलं! पारावर मानसं बसवली आन् समद्यास्नी तारं द्याला लावलं. म्हनलं, आपल्या गाईचं लेकरू हाय, पयलाच लंबर पायजे. एक म्हंजी एकच! दोन देणाऱ्याला च्या बी पाजला न्हाई."

आईसाहेबांनी पदर सारखा केला. खुर्ची ओढून त्या ताठ बसल्या.

"आप्पासो, एक तारा दिलात?"

"व्हय. एकाबी फोनाला सोडलं न्हाई."

"एक म्हणजे सगळ्यात वाईट, आप्पासो. पाच म्हणजे उत्तम." त्यांनी एकेक शब्द सुटा उच्चारला. "जाणत्या माणसाने असले काही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलीला विचारावे. न विचारता साऱ्या गावाला कामाला लावू नये."

क्रांतीला अचानक ठसका लागला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

आप्पासोंनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "आरं द्येवा! म्हंजी म्याच माज्या मेजरची जीभ भाईर काडली?"

"जयराज," आईसाहेबांनी विचारले, "ते तारे कुठून आले म्हणालास?"

जयराजने आईसाहेबांकडे पाहिले, मग गोठ्याच्या दारातून मान काढून पाहणाऱ्या बाळासोकडे, मग हातातल्या हेल्मेटकडे.

"आटपाडीकडून, आईसाहेब," तो म्हणाला. "बहुतेक."

'बहुतेक' हा शब्द आईसाहेबांना आवडला नाही. पण त्यांनी तो चालवून घेतला.

आप्पासो उठले आणि हात जोडून उभे राहिले. "कोरेगावच्या पार्टीला आत्ता फोन करून वाटंला लावतो. धाकटं उंद्या आणून बांदतो तुमच्या गव्हाणीला. एवडी चूक पदरात घ्या."

"घेतली," आईसाहेब म्हणाल्या.

मग ओसरीवरच लॅपटॉप उघडला गेला आणि मेजरचा वेग पूर्ववत झाला. "जीभही आत घाल," अशी सूचना झाली, ती पाळली गेली. जयराज निघताना आईसाहेबांनी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि दुसरी अट घातली. "यापुढे काही बदलायचे असेल तर आधी विचारायचे. मला एकटीला नव्हे. ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये मेजर आहे, त्या प्रत्येकाला."

"हो, आईसाहेब."

"आणि बोटे मोजत जा."

संध्याकाळपर्यंत रहिमतपुरातले सगळे तारे पालटले. कसे आणि का, हे कुणी विचारले नाही. आईसाहेबांचा निरोप आला एवढे पुरले. कराडला पोहोचलेला जयराज फोनवर एकामागून एक उमटणारे पाच-पाच तारे पाहत होता. त्यांत विजयमालाबाईंच्या नावानेही पाच होते. खाली स्वच्छ, शुद्ध मराठीत लिहिले होते:

'पाच तारे दिले आहेत. उत्तेजनार्थ समजावेत.'