खाटेवरील कागदांच्या विल्हेवाटीबाबत

निवृत्त अभिलेखपालांच्या मागच्या खोलीत एक खाट होती. तिचे चार पाय दिसत होते, म्हणजे ती असणारच, असा घरात सर्वसाधारण समज होता. वरचा भाग मात्र गेल्या सात वर्षांत कोणी पाहिला नव्हता. त्यावर कागद होते. विजेची बिलं, मोडीत गेलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं, मुलीची प्रगतिपुस्तकं, आणि काही बंद पाकिटं. पाकिटांवर 'महत्त्वाचे' असं छापलेलं असल्यामुळे ती फोडायला कोणी धजावलं नव्हतं.

महिन्याच्या एक तारखेला बायको म्हणाली, "अहो, आईला पंधरा तारखेला हॉस्पिटलमधून सोडतायत. खुब्याचं ऑपरेशन झालंय, दादाकडे दोन जिने चढायला लागतात. ती आपल्याकडेच येणार. डॉक्टर म्हणाले, बसवून ठेवू नका, आडवं झोपवा. तेवढी खाट रिकामी करून द्या."

"देतो की. त्यात काय एवढं?"

बायकोला हायसं वाटलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. तिनं नवऱ्याऐवजी स्वतःच्या दोन हातांवर भरवसा ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

अभिलेखपालांनी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं सेवा केली होती. त्या काळात तिथला एकही कागद हरवला नव्हता. सापडलाही नव्हता, पण तो वेगळा विषय. कागद फेकायचा तर आधी तो कोणता आहे हे माहीत हवं, म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणून नोंदणी सुरू केली. प्रत्येक कागदाला क्रमांक, वर्ग, आणि नष्ट करण्याचं कारण लिहिलेली एक चिठ्ठी टाचणीनं लावलेली. पहिल्या तीन दिवसांत ढीग चार बोटं वाढला.

चौथ्या दिवशी बायकोनं मधूनच एक कार्ड ओढलं. "हे पंख्याचं. पंखा भंगारात देऊन वर्षं झाली. फाडू?"

"दिल्याचा पुरावा?"

"वर बघा ना! नुसता हूक लोंबतोय."

"हूक हा पुरावा होत नाही," अभिलेखपाल शांतपणे म्हणाले. मग त्यांनी पंखा अस्तित्वात नसल्याचा दाखला स्वतःच लिहिला, त्यावर बायकोची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि तो कार्डाला जोडून दोन्ही खाटेवर ठेवले.

मुलीच्या दुसरीतल्या चित्रांचा प्रश्न जास्त नाजूक निघाला. मुलगी आता नोकरीला लागली होती. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, फाडून टाका हो! मला कशाला विचारताय?"

"तोंडी सांगण्यावरून काही फाडता येत नसतं, बाळा. लेखी कळव. शिवाय चित्र काढताना तू अज्ञान होतीस, त्यामुळे तुझ्या आईचीही ना हरकत लागेल."

बायकोनं ना हरकत दिली. ती देताना जे बोलली ते नोंदीत घेतलेलं नाही.

आठव्या दिवशी अभिलेखपालांच्या मनात आलं, की नष्ट केलेला कागद उद्या कोणी मागितला तर? खबरदारी म्हणून नष्ट करायच्या सर्व कागदांच्या दोन दोन झेरॉक्स काढाव्यात असं ठरलं. ठरवणारे तेच होते. झेरॉक्सवाल्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली, दुसऱ्या दिवशी पाणीही विचारलं. प्रती तयार झाल्या, आणि मुळाबरोबर ताडून पाहीपर्यंत त्या कुठे ठेवायच्या, तर अर्थातच खाटेवर.

बाराव्या दिवशी बायकोनं परस्पर रद्दीवाल्याला बोलावलं. तो पोतं पसरून बसला. अभिलेखपालांनी त्याच्यापुढे छापील तक्ता ठेवला. "प्रत्येक कागद नावानिशी मिळाल्याची पोच द्यायची."

रद्दीवाला तक्त्याकडे आणि मग बायकोकडे बघत म्हणाला, "काका, मी किलोवर घेतो, नावानं नाही." त्यानं पोतं गुंडाळलं. दारातली एकुलती एक पायरी तो पळ काढल्यासारखा उतरला, आणि नंतर त्या गल्लीत त्याची हाक ऐकू आली नाही.

चौदा तारखेला मात्र यश आलं. एका बंद झालेल्या दुकानाचं सवलतीचं कूपन सर्व छाननीतून पार पडलं. अभिलेखपालांनी बायकोला समोर उभं करून त्याचे चार तुकडे केले. ती ते केराच्या टोपलीत टाकणार, इतक्यात त्यांनी तिचा हात धरला.

"अगं, काय करतेस? नष्ट केल्याचा पुरावा आहे तो!"

तुकडे पाकिटात गेले, पाकीट खाटेवर.

पंधरा तारखेला सासूबाई आल्या. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत. घामानं चेहरा ओला झाला होता. मागच्या खोलीच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, "जावईबापू, पाठ कुठे टेकू?"

"तुमची व्यवस्था पूर्ण झाली आहे," अभिलेखपाल म्हणाले. "कागदोपत्री."

हे मात्र खरं होतं. 'सासूबाईंची निवासव्यवस्था' ही घरातली सर्वांत नीटनेटकी फाईल होती, आणि ती खाटेवर, उशीच्या बाजूला पसरली होती.

बायकोचा पारा चढला. रागानं तिचे डोळे भरून आले होते. "खड्ड्यात गेली तुमची फाईल!" म्हणत तिनं ती उचलली आणि थेट खिडकी गाठली. पण फेकण्याआधी तिनं एकदा आत पाहिलं. वरच आईच्या ऑपरेशनचा कागद होता, खाली एक्स-रेचा अहवाल, त्याखाली औषधांची चिठ्ठी. तिचा हात खाली आला.

"एवढी राहू दे," ती हळूच म्हणाली. "पुढे लागेल."

ती फाईल तिनं स्वतःच्या हातानं खाटेवर परत ठेवली, आणि आईसाठी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. सासूबाई कण्हत बसल्या. मग त्यांनी पिशवीतून दोरीनं बांधलेलं एक जाडजूड बाड काढून लेकीकडे दिलं.

"माझं काय, मी बसते कशीतरी. आधी हे नीट आडवं ठेव. दुमडलं तर पंचाईत होईल."

तिसऱ्या दिवशी त्यांचा पाय टम्म सुजला. डॉक्टरांनी नवे सात कागद लिहून दिले.

वाचकांना हे सारं अतीच वाटत असेल. त्यांनी असं करावं: आत्ता उठून घरातला सर्वांत जुना ढीग गाठावा, वरचा कागद उचलावा आणि न वाचता फाडावा.

वाचलात ना? मग आता ठेवून द्या.