नानांच्या घंगाळातली झाकणं

जळगावच्या बाजारात आमच्या गल्लीतल्या नानांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकाला ‘काय पाहिजे?’ असं विचारायची पद्धत नाही. नाना विचारतात, "काय हारपनं?" म्हणजे, काय हरवलं?

नाना मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे बोली पक्की अहिराणी. लोक मोबाईलवर कुकर मागवायला लागले, त्यात हमरस्त्याला मोठं चकचकीत दुकान उघडलं, आणि नानांकडे दिवसदिवस चिटपाखरू फिरकेना. पुण्यात राहणाऱ्या मुलाने निक्षून सांगितलं, पाडव्यापर्यंत गिऱ्हाईक दिसलं नाही तर दुकान विकायचं आणि इकडे यायचं.

"तठे मी काय करू? लिफ्टमा बठीसन खाले-वर करू?" नाना मला म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानापुढे तांब्याचं मोठं घंगाळ मांडलं. आयुष्यभर साठलेली सुटी झाकणं त्यात ओतली आणि पाटी लावली : ‘घरातलं उघडं भांडं आणा. झाकण बसलं तर फुकट!’

सगळा बाजार हसला. पण बिनझाकणाचं भांडं कुणाच्या घरात नसतं? बायका पातेली घेऊन आल्या. यावलहून एक आबा एसटीने मांडीवर पितळी डबा घेऊन आले. झाकण बसलं की नाना थाळी बडवायचे आणि दुकानांची अख्खी ओळ टाळ्या वाजवायची. झाकण शोधायला आलेली बाई जाताना भरताची कढई घेऊन जायची. मुलाने फोनवर "बाबा, हे तर मार्केटिंग!" म्हटलं, तर नाना गुरगुरले, "कसानं मार्केटिंग! झाकण शे ते."

मीही दुधाचं पातेलं नेलं. ऑफिसातून सुटलो की रोज घंगाळात हात घालायचो. झाकण काही मिळेना. नाना चहा मागवायचे. "बस ना भो, घाई कोनले शे?" मग गावाकडच्या गप्पा, कापसाच्या जाती, मेलेल्या बैलाची हुशारी. घरी बायको म्हणायची, "एवढ्या वेळात झाकण काय, म्हैस मिळाली असती."

एका संध्याकाळी नाना चहा आणायला कोपऱ्यावर गेले. मी त्यांच्या गादीवर टेकलो, तर खाली काहीतरी खणखणलं. गादी उचलली. खाली पाच-सात झाकणं. त्यातलं एक पातेल्यावर ठेवलं आणि ते टपकन बसलं.

वळलो तर नाना दारात. भांड्याचा काठ बघून माप सांगणारा हा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. ज्याच्याशी गप्पा जमतात, त्याचंच झाकण गादीखाली जात होतं.

"नाना, हे काय?"

त्यांनी हातातले चहाचे पेले खाली ठेवले. "पहिलेच दिन दिधं असतं, त तू परत उना असता का?" मग हळूच म्हणाले, "तुन्ही काकू गई, तवयपासून घरमा बोलाले कोनीच नही रे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी झाकण काढलं आणि होतं तिथे गादीखाली सरकवलं.

"नाही बसत हो नाना," मी म्हटलं. "उद्या परत बघतो."

नानांनी चहा माझ्यापुढे सरकवला. रोज ‘घाई कोनले शे’ म्हणणारा माणूस खाली मान घालून म्हणाला, "उद्या जरासा लवकर ये."