काळी चारचा बुवा

शेजारचा सुधाकर गायीसाठी घंटा आणायला शिळफाट्याला गेला. दुकानातली एकेक घंटा कानाशी धरून वाजवली आणि रिकाम्या हातानं परत आला. म्हणे, "एक पण सुरात नाय."

मुंबईला संगीताच्या कॉलेजात शिकून विशारद झालाय ना! आता साजगावच्या कारखान्यात पाळी करतो, आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत कीबोर्ड बडवतो. एवढं शिकून काय मिळवलं, असं मी आमच्या पोशीर गावभर विचारत असतो. मी चौथी नापास. पेटी बापाचं बघून शिकलो आणि उभा जन्म गावच्या भजनाचा बुवा आहे.

एका हळदीत सुध्यानं वाजवणं मध्येच थांबवलं. नवऱ्याचा मामा हात वर करून तसाच उभा.

"बेंजोचा सूर उतरलाय," सुध्या म्हणाला.

"अरं, मी चढलोय ना? वाजव की!"

"खोटं बोलता येत नाय मला." हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मलाही चारचौघांत म्हणाला, "बुवा, तुमचा वरचा सा लागत नाय." मी आठवडाभर त्याच्या घरचं ताक घेतलं नाही.

यंदा माझी बोटं आखडली. मंडळानं पेटी सुध्यापुढं ठेवली. माझी पेटी! त्याच्या हाताखाली अशी बोलायला लागली की माझ्या पोटात दुखलं. माझ्याशी कधी नाही बोलली अशी.

गणपतीतल्या भजनाला सगळा गाव जमला. मी नेहमीसारखं सांगितलं, "काळी चार." ही चढी पट्टी म्हणजे माझी ओळख. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. आज म्हातारा फाटणार!

मी डोळे मिटून सुरुवात केली. आवाज वर गेला, मोकळा, तरण्यासारखा. "वा बुवा!" झालं. डोळे उघडले तर सुध्याचं बोट चांगलं खाली, काळी दोनवर. पेटीची बटणं आमच्या बाजूला, लोकांना काय दिसणार?

मागून कुणीतरी ओरडलं, "सुध्या, पट्टी खाली घेतलीस काय रं?"

मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

सुध्या भाता हलवत राहिला. "काळी चारच हाय. खोटं बोलता येत नाय मला."

एवढ्या सफाईनं मला उभ्या जन्मात जमलं नसतं. पोटात पुन्हा दुखलं.

मी त्याच्याकडं बघितलं नाही. पुढच्या अभंगाला खणखणीत सांगितलं, "काळी चार!"

"व्हय बुवा," म्हणत त्यानं काळी दोन धरली.