हळदीच्या खोलीतली शिक्षा

यमी पहिल्यांदा चावली ती उद्धवला, म्हणजे शकुबाईच्या सात वर्षांच्या पोराला, आणि तेही भाकरीच्या तुकड्यावरून. तिला नुकतं तिसरं लागलं होतं, पण दात सगळे आले होते.

साखऱ्याच्या किसनरावांच्या घरात लेकरं सगळ्यांची होती. सासूसमोर आपलं लेकरू आपण उचलायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, अशी रीत. यमीला आजी भरवायची, थोरली चुलती शकुबाई न्हाऊ घालायची, आणि ती झोपायची आजीच्या वाकळेत. उद्धवचं ऐकून ती स्वतःच्या आईला, ताराला, काकी म्हणायची. ताराच्या वाट्याला चूल, जातं आणि घागर. लेक दिसायची ती लांबून.

मात्र या रितीला एक खिंडार होतं. लेकरू शहाण्यासारखं वागलं की ते घराचं, खोडी केली की आईचं. उद्धवच्या दंडावर दातांचं कडं उमटलेलं पाहून सासूबाई, मंजुळाबाई, गरजल्या, "तारा, तुझी पोरगी ने आन् चांगली बडव."

तारानं लेकीला हळदीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाजाराची वाट पाहत हळकुंडांची पोती थप्पीला लागलेली होती. तिनं हात उगारला, लेकीकडं पाहिलं आणि पोत्यावर मारला. धप्प. यमी खिदळली, मग आईनं डोळे मोठे केले म्हणून तिनं रडल्याचा आवाज काढला. तो इतका छान जमला, की तारानं तिला मांडीवर घेऊन पोटाशी धरलं. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

शनिवारी यमी शकुबाईला चावली. सोमवारी गड्याला, मंगळवारी आजोबांना. प्रत्येक वेळी तारावर हुकूम सुटायचा, खोलीत धप्प धप्प व्हायचं, आणि यमी डोळे पुसत, गालात हसत बाहेर यायची. मंजुळाबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. कारल्याचा रस पाजून पाहिला, तर रस पाजणारं बोटच चावलं गेलं.

"एवढा मार खाऊन पोरगी सुधरून काहून नाही राहिली?" ताराचा नवरा ग्यानबा विचारायचा. तारा चुलीत फुंकर घालायची.

मग कळमनुरीच्या तहसिलीतले पेशकार बाबूसिंग ताक प्यायला थांबले; घराच्या सातबाराचं काम त्यांच्याकडंच अडलं होतं. त्या दिवशी पुरणाचा घाट होता, तारा सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती. पेशकारांनी कौतुकानं यमीचा गाल धरायला हात पुढं केला. यमीनं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि त्यांचा अंगठा तोंडात धरला. लिहायच्या हाताचा. ते गेले तेव्हा अंगठ्याला चिंधी होती आणि सातबाराच्या कामाबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

मंजुळाबाईंनी निकाल दिला. उद्या ग्यानबाची बैलगाडी कळमनुरीला जाईल, पोरगी आत्याकडं वरीसभर राहील. तिथं वळण लागेल.  ताराला बोलायची सोयच नव्हती.

"ने तिला. शेवटचं बडव," सासूबाई म्हणाल्या.

खोलीत तारा पोत्याला टेकून बसली. हात उचलवेना. यमीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग आईचा हात दोन्ही हातांनी धरून पोत्यावर आपटला. "मार ना, काकी. मंग मांडीवर घे."

दार ढकललं गेलं. मंजुळाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हात दाखव."

तारानं हात पुढं केले. तळवे पिवळेजर्द होते. सासूबाईंनी यमीचं झबलं वर करून पाठ पाहिली, एक वळ नव्हता.  मग त्या पोत्यावर टेकल्या.

"आमच्या येळेला कडबा व्हता या खोलीत," त्या हळूच म्हणाल्या. "ग्यानबा डोकं मारायचा सगळ्याईला. मी पेंढीवर हाणायची. पण त्याचा आवाज बरा येत न्हाई."

तारानं मान वर केली.

"माझ्या सासूला कधी कळलं न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "का कळलं असंल, कोण जाणे."

गाडी कळमनुरीला गेली नाही. ओसरीवर मंजुळाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पोरगी फार वाह्यात झाली आहे, तेव्हा आजपासून रोज दुपारी, चावो न चावो, आईनं तिला घंटाभर खोलीत कोंडून घेऊन बसावं. शिक्षा म्हणजे शिक्षा.

यमी चावायची थांबली. पेशकारांसाठी तुपाचा गडवा गेला. घरात आठवडाभर शांतता होती.

आठव्या दिवशी भरल्या दुपारी उद्धवनं, काही कारण नसताना, आजीच्या मनगटाला जपून, हलकेच दात लावले. मंजुळाबाईंनी मनगट पाहिलं, नातवाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. पण त्यांनी हुकूम सोडायच्या आधीच शकुबाई जातं सोडून उठली होती. हाताचं पीठ पदराला पुसत तिनं सासूला विचारलं, "मामी, हळदीचं एखादं पोतं मोकळं हाय का?"