बारदाना वजा

भानुदासतात्या माझ्या दुकानात आले की चॉकलेटचं वेफर मागतात आणि हातात पडलं की आधी ते उलटं करतात. समोरच्या बाजूला धबाधबा ओतलेलं चॉकलेट छापलेलं असतं, तिकडं त्यांची नजरही जात नाही. सदऱ्याच्या खिशातून भिंग निघतं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचणं सुरू होतं. माझं दुकान येरमाळ्यात, हायवेला लागून, एसटी थांबते तिथंच. गाडी थांबली की दहा गिऱ्हाइकं एकदम उतरतात आणि तात्या नेमके काउंटरच्या मधोमध उभे असतात.

तात्या कळंबच्या मार्केट यार्डात मापाडी होते. सगळी उमर तूर, हरभरा आणि सोयाबीन मोजण्यात गेली. पोतं काट्यावर चढवायचं, आकडा बघायचा आणि त्यातून रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदाना, वजा करायचा. काम सुटलं, पण सवय सुटली नाही. दर सोमवारी ते पिशवीतून तळहाताएवढा काटा काढतात, वेफरचं पाकीट माझ्यासमोर फोडतात आणि आतला माल एकदा, रिकामा कागद एकदा, असं दोन्ही तोलतात. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणतात, "बारदाना वजा!"

ते उघडं वेफर स्वतः कधी खात नाहीत. शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात ठेवतात आणि बजावतात, "बारा हाय. जपून खा."

"कसले बारा?" माणूस दचकतो.

"कार्ब. बारा ग्रॅम."

आता एसटीतून उतरलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल? एका बाईनं तर हातातले दोन पुडे पुन्हा बरणीत ठेवले आणि शेंगदाणे घेऊन गेली. तात्यांनी लगेच शेंगदाण्याचं पाकीट उलटं केलं. मी मुळातच काळजी करणारी बाई. गॅस बंद केला का, शटरला कुलूप लागलं का, हे मी तीनदा बघते. त्यात हा माणूस माझ्या मालाला दर सोमवारी विष असल्यासारखा हात लावतो म्हटल्यावर मी दर गाडीनंतर गल्ला मोजून बघायची.

"तात्या, एकच माल दर सोमवारी काय तोलायचा? तो काय वाढतोय व्हय?" मी विचारायची.

"मापाडी एका पोत्यावर भरवसा ठिवत न्हाय, मंगल."

एकदा मात्र माझा तोल गेला. दुकानात गर्दी, दारात गाडी उभी आणि तात्या भिंग लावून निवांत. मी म्हणाले, "बास करा आता! तुमाला न्हाय खायचं तर लोकांना तरी खाऊ द्या की!"

तात्यांनी भिंग खिशात घातलं. गाडी जाईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. मला वाईट वाटलं, म्हणून मी चहा नेऊन दिला. कपाकडं बघतच ते बोलायला लागले.

त्यांची नात आर्या पुण्याला असते. सात वर्षांची असताना तिला शुगर निघाली, इंजेक्शनची. खाण्याआधी त्यात कार्ब किती ते बघायचं आणि तेवढं इन्सुलिन टोचायचं. ती दोन वर्षांपूर्वी सुट्टीला आली होती. आई देवीला गेलेली, नात घरी आजोबांजवळ. तिला वेफर हवं होतं. आईनं फोनवर विचारलं, पाकिटावर कार्ब किती लिहिलंय?

"म्या भिंग लावून बगितलं," तात्या म्हणाले. "पासष्ट लिवलं हुतं. पासष्ट सांगितलं. पोरीनं तेवढ्याचं टोचून घेतलं. वरच्या वळीत लिवलं हुतं, शंभर ग्रॅमला पासष्ट. ते म्या वाचलंच न्हाय. पाकीट हुतं अठरा ग्रॅमचं."

मला कळायला वेळ लागला. बाराच्या जागी पासष्टचं औषध अंगात गेलं होतं.

"पोरगी घामानं भिजली. हात थरथर कापाया लागले. साखरंचं पानी पाजलं, कळंबला दवाखान्यात नेलं. वाचली. सून एका शब्दानं बोलली न्हाय. पर पोरीला परत पाठवली न्हाय." कपातला चहा तसाच होता. "यार्डात उभ्या जन्मात माझं एक माप चुकलं न्हाय, मंगल. घरात चुकलं."

त्या दिवसापासून मी त्यांना काउंटरची एक बाजू मोकळी करून दिली. सोमवारी वेफरही मीच पुढं करू लागले.

यंदा सुट्टी लागली आणि पुण्याच्या गाडीतून त्यांची सून उतरली. मागोमाग आर्याही. नऊ वर्षांची, दोन वेण्या, खांद्याला छोटी बॅग. तात्या बाकावरून उठले, पण पुढं जायचं धाडस होईना. पोरगी धावत आली, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि माझ्या बरणीकडं बोट दाखवलं.

"आजोबा, ते वेफर."

तात्यांचा चेहरा उतरला. "नगं बाळा. घरी भाकरी हाय, भाजी हाय."

"मला वेफर खाता येतं. तुम्ही फक्त किती ते सांगा."

तात्यांनी सुनेकडं बघितलं. मीही बघितलं. सून म्हणाली, "सांगा ना, तात्या."

त्यांनी काटा काढला. माल तोलला, कागद तोलला, भिंग लावून वरची ओळ वाचली, खालची वाचली, पुन्हा वरची वाचली. या वेळी "बारदाना वजा" ते इतक्या हळू म्हणाले की मला फक्त ओठ दिसले. "बारा. पन तू बघ, सूनबाई. तू बघितल्याबिगर देऊ नगंस."

सुनेनं मोबाइलवर हिशोब केला. "बाराच."

आर्यानं माझ्या दुकानातच इन्सुलिनचं पेन टोचून घेतलं आणि वेफर खाल्लं. शेवटचा तुकडा तिनं आजोबांच्या तोंडाशी नेला तर तात्या ओरडलेच, "न्हाय न्हाय! ते तुझ्या मापातलं हाय! खा आदी!"

मग ते घरी जायलाच तयार होईनात. दोन तास तिला बाकावर शेजारी बसवून ठेवलं. दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावून घाम बघायचे. मी दोनदा चुकीचे सुटे पैसे दिले, एवढं माझं लक्ष तिकडं. दोन तासांनी सुनेनं पोरीच्या बोटाला सुई टोचली, मशीन बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, तात्या. पंधरा दिवस ठेवून घ्या तिला. मी उद्या परत जाते."

तात्या भिंग पुसत बसले. भिंग स्वच्छच होतं.

मी एक नवं पाकीट फोडलं आणि त्यांच्यापुढं धरलं. आर्यानं त्यातली एक कांडी उचलली. धान्य मोजताना पहिल्या मापाला मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिला ते त्यांनीच कधीतरी शिकवलं असणार.

"लाभ," ती म्हणाली आणि कांडी त्यांच्या तोंडात घातली.

तात्यांनी सावकाश चावली. डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं. दोन वर्षं पाकिटाची मागची बाजू पाठ केलेला माणूस माझ्याकडं बघून नवलानं म्हणाला, "लई ग्वाड असतंय की गं हे!"